अमेझॉनचं जंगल तोडून कुरणं केली की माती, पाऊस आणि हवेचं काय होतं?

रानजाई (धागाकर्ती)

अमेझॉनच्या आगींवरच्या जुन्या धाग्यात सगळी चर्चा लाकूडतोडीवर अडकली होती, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे. जंगल लाकडासाठी जातं, असं आपण धरून चालतो. ब्राझीलमध्ये महागडी झाडं आधी काढून नेतात हे खरं, पण विकण्याजोगी झाडं हेक्टरी मोजकीच असतात. बाकीचं जंगल आडवं होतं ते गवतासाठी. तिथल्या अमेझॉनमध्ये आजवर साफ झालेली बहुतेक जमीन आज एकतर कुरण आहे, नाहीतर कुरण करून, वापरून टाकून दिलेली आहे. सोयाबीन, खाणी, धरणं यांचा वाटा आहेच, पण क्षेत्रफळात गुरांच्या जवळपासही त्यातलं काही येत नाही.

हे आपोआप झालेलं नाही. १९६४ साली तिथे लष्कराने सत्ता घेतली. एवढं मोठं खोरं रिकामं ठेवलं तर परके त्यावर हक्क सांगतील, अशी त्या सरकारची धारणा होती. खरं तर आदिवासी, रबराचा चीक गोळा करणारे, नदीकाठचे कोळी असे लोक तिथे पिढ्यानपिढ्या राहत होते. १९६६ साली 'सुदाम' ही विकाससंस्था निघाली आणि कंपन्यांना सवलत मिळाली, की प्राप्तिकराचा काही भाग सरकारजमा न करता अमेझॉनमधल्या मंजूर प्रकल्पात घालावा. या प्रकल्पांत गुरांचे फार्म सर्वात पुढे होते. फोक्सवॅगन या मोटार कंपनीचासुद्धा पारा राज्यात सुमारे १,४०,००० हेक्टरचा फार्म होता. मग १९७० साली राष्ट्राध्यक्ष मेदिसी यांनी खोऱ्यातून आडवा जाणारा महामार्ग जाहीर केला आणि ईशान्येकडच्या दुष्काळी भागातल्या लोकांना 'माणसं नसलेली जमीन' देऊ केली. १९८४ साली जागतिक बँकेच्या कर्जातून रोंदोनिया राज्याकडे जाणारा रस्ता डांबरी झाला. त्या रस्त्याला काटकोनात फुटलेले फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या दोन्ही बाजूंनी खरवडलेलं जंगल उपग्रहाच्या चित्रांत आजही माशाच्या काट्यासारखं दिसतं.

ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था १९८८ पासून दरवर्षीच्या तोडीचा हिशोब प्रसिद्ध करते. सर्वात वाईट वर्ष १९९५, तेव्हा २९,०५९ चौ. किमी. आपल्या नगर जिल्ह्याच्या दीडपटीहून जास्त, तेही एका वर्षात. २००४ साली २७,७७२. मग २०१२ मध्ये ४,५७१ इतकी खाली. २०२१ मध्ये पुन्हा १३,०३८, आणि २०२४ मध्ये ६,२८८. हे आकडे लक्षात असू द्या, पुढे त्यांच्यावर बोलायचं आहे.

तोडायची रीत सांगते. पाऊस ओसरला की मोठं लाकूड बाहेर काढतात. खालची झाडी कापतात, उरलेली झाडं करवतीने पाडतात किंवा दोन ट्रॅक्टरांमध्ये जाड साखळी बांधून ओढतात. दोन-तीन महिने उन्हात वाळू देतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पेटवतात. हिरवं वर्षावन आपसूक पेटत नाही, ते आतून ओलं असतं. बातम्यांत आपण जी आग बघतो ती बहुतेक वेळा अशी आधी पाडून वाळवलेल्या जंगलाची असते. राखेवर ब्रॅकिआरिया हे मूळचं आफ्रिकेतलं गवत पेरतात, पुष्कळदा विमानातून. मग गुरं येतात.

या धाग्यात मला मुख्यतः एकच मुद्दा लावून धरायचा आहे. हे जंगल मांसापेक्षा जमिनीसाठी तुटतं. गुरं हा ताबा दाखवायचा सर्वात स्वस्त मार्ग आहे. हे ध्यानात घेतलं नाही तर इतकी कमी गुरं आणि इतकी जास्त जमीन हे गणित सुटत नाही.

---

बाळासाहेब_जत

ताई, माहिती चांगली दिलीत. माझा साधा प्रश्न आहे. आमच्याकडं जत, आटपाडी, सांगोला भागात शेकडो वर्षं खिलार जनावरं आणि मेंढरं माळावर चरत आलीत. माळ अजून माळच आहे. पाऊस झाला की कुसळी, पवन्या पुन्हा उगवतं. आमच्याकडं वर्षाला पाचशे मिलिमीटर पाऊस, तिकडं दोन हजाराच्या वर. मग गवत तर कंबरेएवढं यायला पाहिजे. गुरं चरल्यानं तिथंच जमीन खराब का होते?

---

रानजाई

बाळासाहेब, फार नेमकं विचारलंत. तुमचा माळ हा मुळात गवताचाच प्रदेश आहे. माळढोक, लांडगा, काळवीट आणि चरणारी जनावरं यांच्यासोबतच तो हजारो वर्षं घडला. त्या गवताची मुळं, जमीन, पाऊस यांचा मेळ बसलेला आहे. अमेझॉनमध्ये गवत हा परका जीव आहे, आणि त्याला जी माती मिळते ती फार गरीब आहे.

ही गरिबी समजून घेण्यासारखी आहे. खोऱ्यातल्या बऱ्याच भागातली माती लाखो वर्षांच्या पावसाने धुतली गेली आहे. चुना, पोटॅश, मॅग्नेशियम खाली वाहून गेलं. मागे राहिलं लोह आणि अॅल्युमिनियम, आणि ते स्फुरद असं धरून ठेवतात की झाडाच्या मुळाला ते मिळत नाही. तरी तिथे चाळीस-पन्नास मीटर उंचीची झाडं उभी आहेत, कारण अन्नद्रव्यांचा मोठा साठा मातीत नसून झाडांतच आहे. पान पडलं की काही महिन्यांत कुजतं. बुरशीचे धागे आणि वरच्यावर पसरलेली बारीक मुळं त्यातलं सगळं उचलून परत झाडात नेतात. पाण्यासोबत खाली जायला फारसं उरतच नाही.

असं जंगल पेटवलं की झाडांत साठलेलं सगळं एकदम राख होऊन जमिनीवर येतं. मातीची आम्लता कमी होते, चुना-पोटॅश मिळतं, म्हणून पहिली तीन-चार वर्षं गवत खरोखर कंबरेएवढं येतं. बघणाऱ्याला वाटतं, काय सुपीक जमीन आहे! नत्र तर बरंचसं जळतानाच हवेत जातं. मग पाऊस राख धुऊन नेतो, स्फुरद मातीत अडकतं, गवत विरळ होतं. मधल्या जागेत गुरं खात नाहीत अशी झुडपं आणि ताड उगवतात. ती मारायला पुन्हा आग लावतात आणि प्रत्येक आगीत थोडं थोडं उरलेलंही जातं. शिवाय गुरांच्या खुरांनी माती घट्ट होते. जंगलात कितीही जोराचा पाऊस आला तरी पाणी जागच्या जागी मुरतं. दाबलेल्या कुरणावरून ते वाहत सुटतं आणि वरचा थर ओढ्यात नेतं. खतं घातली नाहीत तर बऱ्याच ठिकाणी आठ-दहा वर्षांत कुरण दम तोडतं. चांगल्या दिवसांतही हेक्टरी सरासरी एखादंच जनावर, आणि शेवटी तेवढंही पोसत नाही.

तुमच्या पाचशे मिलिमीटरच्या माळाची तुलना या जमिनीशी करताना पाऊस हा मुद्दा उलटा धरायचा. तिथे जास्त पावसानेच मातीचं दारिद्र्य आणलं आहे.

---

अनघा_देव

मुलांना भूगोल शिकवताना 'पृथ्वीची फुप्फुसं' एवढंच सांगून पुढे जातो आपण. हे मातीचं मी वर्गात नक्की सांगणार.

एक शंका. ब्राझीलच्या कायद्यात अमेझॉनमधल्या जमीनमालकाने ८० टक्के जंगल राखलंच पाहिजे अशी अट आहे, असं वाचलं होतं. ती पाळली तर मध्ये मध्ये कुरण आणि बाजूला जंगल, असं दोन्ही चालणार नाही का?

---

रानजाई

अनघाताई, अट आहे. वनसंहितेनुसार अमेझॉनच्या वनक्षेत्रात खासगी जमिनीवर ८० टक्के जंगल राखायचं असतं. २०१२ साली ही संहिता बदलली, तेव्हा जुलै २००८ पूर्वीच्या बेकायदा तोडीला मोठी माफी मिळाली. तोडा, थांबा, पुढे कधीतरी नियमित होईल, हा धडा त्यातून सगळ्यांनी घेतला.

पण समजा अट काटेकोर पाळली, तरी उरलेल्या जंगलाचं काय होतं, हा तुमचा खरा प्रश्न. यावर अमेझॉनमधल्या मनाउस शहराच्या उत्तरेला जगातला सर्वात दीर्घ प्रयोग चालू आहे. १९७९ साली टॉमस लव्हजॉय या जीवशास्त्रज्ञाने तिथल्या गुरांच्या फार्मवाल्यांशी बोलून तो उभा केला. नाहीतरी तुम्ही जंगल तोडणार आहात आणि कायद्याने काही भाग ठेवणार आहात, तर तो आम्ही सांगतो त्या मापाचा ठेवा, असं ठरलं. एक हेक्टर, दहा हेक्टर, शंभर हेक्टर असे चौकोनी तुकडे कुरणांमध्ये राखले गेले. तोडीच्या आधीपासून आतल्या झाडांची आणि पक्ष्यांची नोंद होती, म्हणून पुढचा बदल मोजता आला.

मी काही काळ याच भागात काम केलं आहे आणि हे तुकडे मला आजही अस्वस्थ करतात. कुरणाकडची बाजू उघडी पडली की गरम, कोरडा वारा आत शिरतो. कडेपासून शंभर मीटरपर्यंत मोठी झाडं भराभर मरतात. वाऱ्याने मोडतात, उभ्या उभ्या वाळतात. वेली माजतात. लष्करी मुंग्यांच्या रांगांमागे फिरून किडे टिपणारे पक्षी आहेत. मुंग्यांच्या एका वसाहतीला मोठा टापू लागतो. तुकडा लहान, म्हणून मुंग्या गेल्या, आणि मुंग्या गेल्या म्हणून दोन-एक वर्षांत पक्षी गेले. माकडांच्या फळं खाणाऱ्या जाती गेल्या. आतला प्रत्येक वृक्ष कायद्याने जिवंत ठेवलेला होता, तरी हे झालं. शंभर हेक्टरचा तुकडासुद्धा पुरला नाही.

ब्राझील नटचं झाड तर कायद्याने तोडताच येत नाही. त्यामुळे पारामधल्या कुरणांत ही उंच झाडं एकटीदुकटी उभी दिसतात. पण त्यांचं परागीभवन करणाऱ्या मोठ्या मधमाश्या जंगलातल्या इतर फुलांवर जगतात आणि कठीण फळ फोडून बिया पुरणारा अगूटी हा गिनीपिगच्या जवळचा प्राणी उघड्या कुरणात येत नाही. झाड राखलं, वंश तिथेच थांबला.

---

आदित्य_साओपावलो

बऱ्याच वर्षांपासून साओ पावलोत आहे. इथून अमेझॉन दोन हजार किलोमीटरवर. १९ ऑगस्ट २०१९ ला दुपारी तीनच्या सुमारास शहरात अंधार झाला, गाड्यांचे दिवे लावावे लागले. ढगांसोबत जंगलाच्या आगींचा धूर वरून आला होता. ऑफिसात सगळे खिडकीशी उभे होते.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो पाण्याचा प्रश्न. २०१४-१५ मध्ये इथे भीषण टंचाई झाली. कांतारेरा जलाशयाच्या तळाचं, एरवी कधी न वापरलेलं पाणी पंपाने उपसायची वेळ आली. तेव्हा इथले शास्त्रज्ञ 'उडत्या नद्यां'बद्दल लोकांना समजावून सांगत होते. अटलांटिकवरून वारे बाष्प घेऊन अमेझॉनवर येतात. पाऊस पडतो. झाडं ते पाणी मुळांनी ओढून पानांतून पुन्हा हवेत सोडतात. तेच बाष्प आणखी पश्चिमेला जाऊन पुन्हा पडतं. शेवटी अँडीज पर्वताला अडून वारे दक्षिणेकडे वळतात आणि ते बाष्प बोलिव्हिया, पॅराग्वे, दक्षिण ब्राझीलपर्यंत येतं. जंगल दिवसाला सुमारे २० अब्ज टन पाणी हवेत सोडतं असा अंदाज आहे. खुद्द अमेझॉन नदी समुद्रात टाकते ते सुमारे १७ अब्ज टन.

२०१४ चा दुष्काळ केवळ जंगलतोडीने पडला असं कुणी म्हणू नये. तेव्हा उच्च दाबाचा पट्टा आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसला होता. पण इथल्या शेतीचा आणि शहरांचा पाऊस कुठून येतो, हे सामान्य माणसाला त्या टंचाईत पहिल्यांदा कळलं.

---

रानजाई

आदित्य, छान लिहिलंत. यात दोन गोष्टींची भर घालते.

अमेझॉनमधल्या पावसाचा जवळजवळ निम्मा भाग जंगलच फिरवून फिरवून वापरतं, हे १९७० च्या दशकात एनेआस सालाती या शास्त्रज्ञाने पाण्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून) दाखवलं. त्याआधी पाऊस आहे म्हणून जंगल आहे, एवढंच मानत. जंगलामुळेही पाऊस असतो, हे तिथून पुढे मोजमापासकट मांडता आलं.

दुसरी गोष्ट मुळांची. पारामधल्या पॅरागोमिनास भागात १९९० च्या दशकात खोल खड्डे खणून पाहिलं, तेव्हा जंगलाची मुळं आठ मीटरच्याही खाली पाणी शोधत गेलेली आढळली. म्हणून पाच महिने कोरडे गेले तरी जंगल हिरवं राहतं आणि हवेत बाष्प सोडत राहतं. गवताची मुळं वरच्या थरात. कोरड्या दिवसांत गवत पिवळं पडतं आणि बाष्प सोडणं थांबतं. बाष्पाने होणारा गारवा गेला की जमीन तापते. उन्हाळ्यात कुरणावरचं तापमान शेजारच्या जंगलापेक्षा कित्येक अंशांनी जास्त असतं. अशी हजारो चौरस किलोमीटर जमीन एकत्र झाली की पहिला पाऊस लांबतो. दक्षिण अमेझॉनमध्ये कोरडा हंगाम लांबला आहे, आणि याचा फटका जंगल तोडून पुढे गेलेल्यांनाच बसतो आहे. मातो ग्रोसो राज्यामध्ये सोयाबीन काढून त्याच पावसाळ्यात मका घेतात. पाऊस पंधरवडाभर उशिरा आला तर दुसरं पीक हाती लागत नाही.

२०२३ चा दुष्काळ आठवत असेल. ऑक्टोबरमध्ये मनाउसला रिओ नेग्रो नदीची पातळी १९०२ पासूनच्या नोंदींत सर्वात खाली गेली आणि २०२४ मध्ये तो नीचांकही मोडला. तेफे सरोवराचं पाणी ३९ अंशांवर गेलं आणि शंभराहून जास्त डॉल्फिन मेले. त्यामागे एल निन्यो आणि तापलेला अटलांटिक ही मोठी कारणं होती. मात्र सलग, निरोगी जंगल अशा वर्षी बराच मार सहन करतं. कडा उघड्या पडलेलं जंगल करत नाही, आणि मग शेजारच्या कुरणात लावलेली आग त्यात शिरते.

---

तिलारीकर

हे वाचताना दोडामार्ग डोळ्यांसमोर येतं. आमच्याकडे गुरं नाहीत, रबर आहे. तिलारीच्या आजूबाजूचं मिश्र रान साफ करून एकसारख्या रबराच्या बागा झाल्या. हत्ती, गवे, वाघ यांच्या येण्याजाण्याच्या वाटा त्यात तुटल्या. आणि रबराचं झाड मूळचं अमेझॉनचंच.

आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं होतं, की सह्याद्रीतली झाडी जे बाष्प सोडते त्यातून तमिळनाडूला पावसाळ्यात बराच पाऊस मिळतो. म्हणजे उडत्या नद्या फक्त ब्राझीलच्या नाहीत.

---

निशिगंध

मला यात एक बाजू सुटलेली दिसते. युरोप-अमेरिकेने आपली जंगलं शेतीसाठी केव्हाच तोडली आणि श्रीमंत झाले. आता ब्राझीलच्या शेतकऱ्याने हात आखडता घ्यावा, हे त्याला कुणी सांगायचं? भारतालाही हवामान परिषदांत हेच ऐकावं लागतं. अमेझॉनमध्ये दोन-अडीच कोटी लोक राहतात. त्यांनी काय खायचं?

---

रानजाई

निशिगंध, या प्रश्नाला मी मनापासून उत्तर देते, कारण तो न्याय्य आहे.

यात गरिबाचं पोट किती भरतं ते आधी बघू. पारामधल्या साओ फेलिक्स दो शिंगू या एका नगरपालिका क्षेत्रात सुमारे २५ लाख गुरं आहेत, देशात सर्वात जास्त. तिथली माणसं ६५ हजार. क्षेत्रफळ ८४,००० चौ. किमी, महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठं. शेकडो हेक्टरच्या कुरणाला दोन-तीन गडी पुरतात. कुरणाएवढा कमी रोजगार देणारा जमिनीचा दुसरा वापर शोधून सापडणार नाही. वेठबिगारीसारख्या अवस्थेतून सोडवलेल्या मजुरांत गुरांच्या फार्मवरच्या मजुरांची संख्या तिथे वर्षानुवर्षं मोठी राहिली आहे.

आणि जंगल वाचवा असं पहिल्यांदा ओरडून सांगणारे लोक युरोपातले नव्हते. आक्रे राज्यातल्या शापुरीचा शिकू मेंदेस हा रबराचा चीक काढणारा कामगार होता. फार्मवाले करवती घेऊन आले की गावातले बायका-मुलांसह पुढे उभे राहत आणि तोड थांबवत. आपल्याला चिपकोची आठवण व्हावी असं ते आंदोलन. २२ डिसेंबर १९८८ ला त्याला घराच्या दारात गोळी घातली. एका फार्ममालकाला आणि त्याच्या मुलाला त्यासाठी शिक्षा झाली. १२ फेब्रुवारी २००५ ला अनापूजवळ सिस्टर डोरोथी स्टँग यांना मारलं, त्याही लहान शेतकऱ्यांच्या जमिनीसाठी आणि जंगलासाठी उभ्या होत्या. तिथला गरीब या लढ्यात जंगलाच्या बाजूला आहे. कारण जंगल गेलं की त्याचं रबर, ब्राझील नट, मासे, औषधं सगळंच जातं. आदिवासी भूमींची सरहद्द तर उपग्रहाच्या चित्रात रेघ मारल्यासारखी दिसते. १९६१ साली राखलेलं शिंगूचं क्षेत्र चारी बाजूंनी शेतं आणि कुरणांनी वेढलं आहे आणि आत हिरवं आहे.

आता मघाच्या आकड्यांकडे येऊ. २००४ ते २०१२ या काळात तोड पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर आली. त्याच काळात ब्राझीलचं मांसाचं आणि सोयाबीनचं उत्पादन वाढलं. मारिना सिल्वा २००८ पर्यंत पर्यावरणमंत्री होत्या, त्या स्वतः आक्रेच्या रबर कामगारांच्या घरातल्या आणि शिकू मेंदेसच्या सहकारी. २००४ पासून उपग्रहाने जवळजवळ रोजच्या रोज तोड पकडायला सुरुवात झाली, नवी संरक्षित वनं जाहीर झाली, २००८ मध्ये सर्वाधिक तोडीच्या नगरपालिकांची यादी काढून तिथलं सरकारी शेतीकर्ज अटींवर बांधलं. उपासमार झाली नाही. म्हणून मी म्हणते की प्रश्न अन्नाचा नसून जमिनीचा आहे. आणि २०१९ मध्ये सरकारने आकडे नाकारले, अंतराळ संस्थेच्या संचालकांना पदावरून काढलं, तेव्हा तोड दोन वर्षांत कुठे गेली तेही वर दिलं आहे.

युरोप-अमेरिकेने किंमत मोजली पाहिजे, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. नॉर्वेने अमेझॉन निधीत पैसे घातले, असं आणखी पुष्कळ व्हायला हवं.

---

पशुवैद्य_दापोली

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही. ब्राझीलमधली ही गुरं आपल्याकडची आहेत. मांसासाठी पाळलेल्या तिथल्या गुरांत सुमारे ८० टक्के नेलोर किंवा नेलोरची संकरित जनावरं. नेलोर म्हणजे आपली आंध्रातली ओंगोल. एकोणिसाव्या शतकापासून ही जनावरं बोटीने तिकडे गेली, शेवटची मोठी खेप १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. गुजरातची गीर आणि कांकरेज तशीच गेली. युरोपीय गाय अमेझॉनच्या उष्णतेत आणि गोचिडांत टिकत नाही. वशिंडाची गाय निकस गवतावरही तग धरते. ही जात नसती तर या प्रमाणात कुरणं झालीच नसती, असं माझं मत आहे.

आता जनावराचा प्रवास. वासरू एका फार्मवर जन्मतं, दुसऱ्यावर वाढतं, तिसऱ्यावर शेवटचे काही महिने चरबी चढते आणि तिथून कत्तलखान्यात जातं. २००९ साली पारामधल्या सरकारी वकिलांनी कारवाई केली, त्याच वर्षी पर्यावरणवाद्यांचा दबाव आला. मोठ्या मांस कंपन्यांनी करार केले, की बेकायदा तोडलेल्या जमिनीवरचं जनावर घेणार नाही. पण तपासणी झाली ती मुख्यतः शेवटच्या फार्मची. आधीचे दोन फार्म नजरेआड. जंगल तोडून केलेल्या कुरणावर वाढलेलं जनावर कागदोपत्री स्वच्छ फार्मवर नेलं की झालं. आपल्याकडे कानात बिल्ला मारून प्रत्येक जनावराची नोंद करतात तशी जन्मापासूनची नोंद हाच यावर उपाय आहे, आणि पाराने त्याची सुरुवात केली आहे.

मिथेनबद्दल थोडक्यात. रवंथ करणाऱ्या प्रत्येक जनावराच्या पोटातून तो निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या २७-२८ पट उष्णता धरतो. ब्राझीलमध्ये २०२३ अखेर २३ कोटी ८६ लाख गुरं होती, माणसांपेक्षा जास्त. पण अमेझॉनपुरतं बोलायचं तर पोटातल्या वायूआधी जळालेल्या झाडांचा हिशोब मोठा आहे.

---

रानजाई

डॉक्टर, अगदी बरोबर. एका हेक्टर जंगलात जमिनीच्या वरच शंभर-दीडशे टन कार्बन असतो. कुरणात त्याचा किरकोळ अंश. लुसियाना गाती या शास्त्रज्ञाच्या गटाने २०१० ते २०१८ विमानातून हवेचे नमुने घेतले आणि २०२१ मध्ये निष्कर्ष मांडला: आग्नेय अमेझॉन आता शोषतो त्याहून जास्त कार्बन सोडतो. मोठ्या प्रमाणावर तोड झालेला हा भाग. लव्हजॉय आणि हवामानशास्त्रज्ञ कार्लुस नोब्रे यांनी २०१८ मध्ये इशारा दिला होता, की एकूण २० ते २५ टक्के जंगल गेलं तर पूर्व, दक्षिण आणि मध्य भागातलं उरलेलंही आपोआप विरळ, गवताळ होऊ लागेल. आज सुमारे १७ टक्के गेलं आहे.

---

बाळासाहेब_जत

ओंगोलचं ऐकून होतो, पण इतकं नव्हतं माहीत. वाईट वाटलं. यात जनावराचा काय दोष!

आता मला दोन गोष्टी सांगा. गुरं काढून घेतली तर रान परत येतं का? आणि हेक्टरी एकच जनावर हे मला पटत नाही. आम्ही चाऱ्याचं नीट नियोजन करून त्याहून कितीतरी जास्त सांभाळतो. तिथं ते का करत नाहीत?

---

पशुवैद्य_दापोली

दुसऱ्याचं मी सांगतो. करता येतं. चुना आणि स्फुरद घालायचं, कुरणाचे वाफे पाडून आळीपाळीने चारायचं, शेंगवर्गीय चारा मिसळायचा, सावलीला झाडं ठेवायची. हेक्टरी दोन-तीन जनावरं सहज राहतात. पॅरागोमिनास २००८ च्या त्या काळ्या यादीत होतं. तिथल्या पालिकेने, शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी मिळून जमिनींची नोंद केली, काही फार्मांवर ही पद्धत आणली आणि दोन वर्षांत ते यादीतून बाहेर पडलं. पण खर्च येतो. एक हेक्टर कुरण दुरुस्त करण्यापेक्षा पुढचं सरकारी जंगल जाळणं जिथे स्वस्त पडतं, तिथे कुणी चुना घालत बसत नाही.

---

रानजाई

पहिल्याचं उत्तर, बाळासाहेब: येतं, पण जमिनीला किती छळलं त्यावर. मनाउसजवळच्या फार्मांची करसवलत संपली तसे ते ओस पडले. जिथे झाडं फक्त कापली होती, जाळली नव्हती, तिथे सेक्रोपियाची झाडं उगवली आणि त्यांच्या सावलीत जंगलातल्या पुष्कळ जाती परतल्या. जिथे वारंवार जाळून चराई केली, तिथे विस्मिया या एकाच गटाची झाडी माजली आणि कित्येक वर्षं दुसरं काही फारसं शिरलं नाही. वटवाघळं आणि पक्षी उघडं कुरण ओलांडायला कचरतात, त्यामुळे जंगलापासून लांब बी पोचतच नाही. दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या अशा दुय्यम जंगलांचा अभ्यास सांगतो, की माती दहा वर्षांच्या आत बरीच सावरते, जातींची संख्या साठेक वर्षांत, पण झाडांचा एकूण भार पूर्ववत व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात. प्रत्यक्षात यातलं बरंचसं वाढतं जंगल पाच-दहा वर्षांत पुन्हा कापलं जातं.

डॉक्टरांनी 'पुढचं सरकारी जंगल' म्हटलं, तिथेच सगळं येऊन थांबतं. ब्राझीलच्या अमेझॉनमध्ये ५ कोटी हेक्टरहून जास्त जंगल सरकारच्या मालकीचं आहे, पण ते राखीव वन, आदिवासी भूमी किंवा गावांचं वन असं काहीच ठरवलेलं नाही. पर्यावरण नोंदवहीत जमिनीची माहिती मालक स्वतः भरतो. कुणीही ऑनलाइन नकाशावर या जंगलात चौकोन आखतो, तो जाळतो, गुरं सोडतो आणि पाच-दहा वर्षांनी नियमित करून घ्यायची वाट बघतो. साफ केलेली जमीन उभ्या जंगलापेक्षा बाजारात कितीतरी महाग जाते. त्यावरची गुरं तोट्यात चालली तरी त्याला फरक पडत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेलेमला हवामान परिषद झाली. तिथल्या घोषणांपेक्षा मी या ५ कोटी हेक्टरांकडे बघते आहे. यातल्या जेवढ्या जंगलाचं कागदावर नक्की होईल तेवढ्यावर चौकोन आखून उपयोग राहणार नाही. २००४ नंतर नव्या संरक्षित वनांनी केलं ते हेच.